रेंजरसाहेबांची ब्रनो

“दाखला लिही, यासीन. बंदूक निकामी झाली म्हणून लिही आणि खाली सही ठोक.”

रेंजरसाहेबांनी आधी काउंटरवर स्वतःचा टॉवेल अंथरला, मग त्यावर रायफल ठेवली. हळू, आवाज न करता. मी चहाचा कप तोंडाला लावला होता, तो तसाच खाली आला.

शनिवार पेठेतलं आमचं बंदूकदुरुस्तीचं दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं. त्यात साहेब सहा फुटी. वनखात्यातून रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती, तरी खाकी पँट आणि कॅनव्हासचे बूट काही सुटले नव्हते. आडनाव खानविलकर, पण ते फक्त लायसनवर. बाकी अख्खं कोल्हापूर त्यांना रेंजरसाहेबच म्हणायचं.

“निकामी? ही?” मी म्हणालो. “साहेब, सकाळी सकाळी चेष्टा नको.”

“चेष्टा करायला मी काय तुझा मेव्हणा आहे? नळी गेलीय तिची. आतले पीळ झिजले. येत्या सोमवारी कलेक्टर ऑफिसला अर्ज देतो. बंदूक जमा, लायसन रद्द. अर्जाला तुझा दाखला जोडायचा.”

ही शहाण्णव सालची गोष्ट. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा. अब्बा जाऊन दोन वर्षं झाली होती. आम्ही शिकलगार, पिढ्यान्‌पिढ्या हत्यारं घासत आणि दुरुस्त करत आलेली माणसं. अब्बा गेल्यावर दुकानाचं लायसन माझ्या नावावर व्हायला आठ महिने लागले, आणि त्या आठ महिन्यांत दर सोमवारी माझ्याबरोबर कलेक्टर ऑफिसच्या बाकावर कोण बसलं असेल, तर हा माणूस. त्यांच्यामुळं माझी चूल पेटत होती म्हटलं तरी चालेल. म्हणून पुढं मी जो गाढवपणा केला, तो नीट समजून घ्या. तो उपकाराच्या ओझ्याखाली केलेला गाढवपणा होता.

रायफल होती ब्रनो, चेक बनावटीची, पॉइंट टू-टू. एकसष्ट सालापासून साहेबांकडं. ज्यांना बंदुकीतलं कळत नाही त्यांना टू-टू म्हणजे पोरखेळ वाटतो. केवढीशी ती गोळी! मोठ्या काडतुसाच्या बुडाला मधोमध टिकली असते, तिच्यावर ठोका बसतो. टू-टूच्या गोळीला टिकलीच नाही. बुडाच्या काठातच मसाला भरलेला असतो, काठावर टिचकी बसली की गोळी सुटली. दणका नाही, खांद्याला धक्का नाही. पण या एवढ्याशा गोळीनं पन्नास मीटरवर नेम धरायचा, तर बंदूक जातिवंत लागते, आणि ही होती. अक्रोडाचा दस्ता, त्यावर साहेबांचा गाल टेकायचा तिथं पॉलिश जाऊन लाकूड मऊ झालेलं. घोडा एवढा हलका, एवढा स्वच्छ सुटायचा, की बोट कधी दाबलं हे बोटालाही कळू नये. साहेबांनी तिच्यानं आयुष्यात एक ससासुद्धा मारला नाही. रानातल्या जनावरांची राखण करण्यात नोकरी घालवलेला माणूस तो. कागदावरचा काळा गोल, बस्स. पस्तीस वर्षं दर रविवारी.

आणि अशी बंदूक जमा करायची? जमा झालेल्या बंदुकीचं पुढं काय होतं हे आमच्या धंद्यात कुणी मोठ्यानं बोलत नाही. कोठीत पडून राहते, आणि कधीतरी मोडीत निघते.

मी नळीमागचा सरकता बोल्ट काढला, नळीचं तोंड दाराच्या उजेडाकडं केलं आणि मागून डोळा लावला.

आत आरसा होता. दुसरा शब्द नाही. गोळीला फिरकी देणारे पीळ असे धारदार, की त्यांच्या कडा मोजाव्यात. एक ठिपका नाही, गंज नाही, झीज नाही. पस्तीस वर्षांची नळी इतकी जपलेली मी त्याआधी पाहिली नव्हती आणि त्यानंतरही पाहिली नाही.

“दिसलं?” साहेब म्हणाले. “दे इकडं.” त्यांनी डावा डोळा घट्ट मिटला आणि उजवा नळीला लावला. “हे बघ. सगळं धुरकट. वर्षभर असंच चाललंय. आधी वाटलं गोळीत खोट असेल. हिला एकच गोळी मानवते, तरी चार कंपन्यांच्या आणून बघितल्या. मग दस्त्याचे स्क्रू आवळले. मग नळीच्या टोकाची, नेम धरायची माशी बदलली. शेवटी नळीत बघितलं, तर हे. गोळ्या कशा, मुठीनं तांदूळ फेकावेत तशा जातात कागदावर.”

त्यांनी मान वर केली. दारातलं ऊन सरळ त्यांच्या तोंडावर पडलं होतं, आणि त्यांच्या उजव्या डोळ्याच्या बाहुलीत मला दुधाचा थेंब पडल्यासारखं पांढुरकं दिसलं. डाव्यात काही नव्हतं. डावा स्वच्छ, काळाभोर.

नळीला काही झालं नव्हतं. मोतीबिंदू झाला होता, तोही एकाच डोळ्याला, आणि नेमका त्याच डोळ्याला ज्यानं ते नेम धरायचे आणि नळी तपासायचे. पेपर वाचताना, रस्ता ओलांडताना डावा डोळा सगळं सांभाळून घ्यायचा, मग त्यांना कळणार कसं? बंदुकीशी गाठ फक्त उजव्याची. म्हणून सगळा दोष बंदुकीच्या माथी.

आता हे सांगायला काय लागतं? दोन वाक्यं. पण ती माझ्या तोंडातून निघेनात. आमच्या नेमबाजी क्लबाचे सेक्रेटरी इंगवले वकील एकदा सहज म्हणाले होते, “साहेब, चष्म्याचा नंबर बघून घ्या की.” झालं! वर्षभर साहेब त्यांच्याशी बोलले नाहीत. नेमबाजाला डोळ्यावरून बोलणं म्हणजे पैलवानाला तुझ्या पायात जोर नाही म्हणण्यासारखं. आणि मी तर त्यांच्या पोरासारखा. त्यात अब्बांचं एक सांगणं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. ते म्हणायचे, “दोष गिऱ्हाइकाच्या बंदुकीत काढावा, गिऱ्हाइकात काढू नये. दुकान बंद पडतं.”

“काय झालं? दातखीळ बसली काय?” साहेब म्हणाले.

आणि मी बोलून गेलो, “साहेब, दाखल्याची घाई नको. नळीत गोळ्यांचं शिसं साचलंय असं वाटतंय. ठेवून जा. आठ दिवस द्या.”

त्यांच्या चेहऱ्यावर जी आशा उमटली, ती बघून मला लगेच कळलं की आपण चुकलो. पण शब्द गेला होता.

“शिसं?” ते म्हणाले. “शिसं निघतं होय रे?”

“निघतं की.”

“मग काढ बाबा. काय लागेल ते कर.” जाताना पायरीवरून परत वळले. “उन्हात ठेवू नको तिला.”

आठ दिवस ती माझ्या लोखंडी कपाटात होती. मी रोज कपाट उघडायचो, तिच्याकडं बघायचो आणि बंद करायचो. काढणार काय, कपाळ?

चौथ्या दिवशी काकी आल्या. साहेबांच्या पत्नी. हातात भाजीची पिशवी, मंडईतून सरळ दुकानात. या बाईंचा आणि त्या बंदुकीचा सवतीमत्सर सगळ्या गावाला ठाऊक. सदुसष्ट साली कोयनेचा भूकंप झाला तेव्हा दोघं वनखात्याच्या क्वार्टरमध्ये राहायचे. घर हललं तसे साहेब अंधारात बाहेर धावले, ते बंदूक छातीशी धरून. काकी मागून आल्या, एकट्या. हा किस्सा त्या कुणाच्याही लग्नात, बारशात, ओळख नसलेल्या माणसालाही सांगायच्या. पण त्या दिवशी चेष्टेचा सूर नव्हता.

“यासीन, खरं सांग. नीट होईल ना रे ती?”

“बघतोय, काकी.”

“बघू नको, कर. मी आयुष्यभर तिला नावं ठेवली, पण आता माझ्यानं बघवत नाही. जेवायला बसतात आणि दोन घास खाऊन उठतात. काल मला म्हणाले, ‘पस्तीस वर्षं तिनं माझं ऐकलं, आणि मी तिला राखू शकलो नाही. कुठंतरी साफसफाईत हयगय झाली असणार माझी.’ अरे, स्वतःच्या आईच्या आजारपणात असं बोलले नव्हते!”

मी धीर केला. “काकी, साहेबांचे डोळे कसे आहेत?”

“डोळे?” काकी हसल्या. “डोळ्यांना काय धाड भरलीय? मला अजून सुईत दोरा ओवून देतात.”

देणारच की! डावा शाबूत होता ना. पण त्यांनी इतक्या ठामपणे सांगितल्यावर मी वरमलो. मला वाटलं, मी कोण लागून गेलो वैद्य? ऊन पडलं होतं, चकाकलं असेल काहीतरी. माणसाला पळवाट हवी असली की ती कशातही सापडते.

शनिवारी साहेब आले. मी रायफल तेल लावून, पुसून त्यांच्या हातात दिली. त्यांनी डावा डोळा मिटला, उजवा लावला.

“फरक आहे,” साहेब म्हणाले. “थोडा आहे. पण आहे.”

अल्लाची शपथ, त्या क्षणी मला दुकानाच्या जमिनीत शिरावंसं वाटलं. त्यांना दिसत नव्हतं. त्यांना फक्त दिसावंसं वाटत होतं. मजुरी द्यायला लागले, ती मी घेतली नाही. त्यांना वाटलं मी मोठेपणा दाखवतोय.

“उद्या रेंजवर ये,” ते म्हणाले. “तुझी कारागिरी तुझ्या डोळ्यांनी बघ.”

रविवारी सकाळी नऊ वाजता मी रेंजवर गेलो. गावाबाहेर एका टेकडीच्या पोटात आमच्या क्लबाची रेंज होती. पत्र्याची शेड, पुढं पन्नास मीटर मोकळं रान आणि शेवटी मातीचा बांध. इंगवले वकील होते, क्लबातले चारपाच जण होते आणि शेडमध्ये खुर्ची टाकून काकी बसल्या होत्या, डबा घेऊन. त्या पस्तीस वर्षांत क्वचितच आल्या असतील. त्या दिवशी मुद्दाम आल्या होत्या.

साहेब चटईवर पालथे पडले. बंदुकीचा पट्टा दंडाला आवळला. दस्त्यावर गाल टेकला, तो नेहमीच्या जागी. सगळं शरीर असं स्थिर, की चटईला खिळलंय. आमच्या क्लबातल्या पंचविशीतल्या गड्यांना जमणार नाही असं पडणं होतं ते. टिच्च. टिच्च. टिच्च. टू-टूचा आवाज तो केवढा! दहा गोळ्या झाल्या.

इंगवल्यांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि डोळा काढून घेतला. मी जाऊन कागद आणला. दहांतल्या सात काळ्या गोलाच्या बाहेर. दोन तर कागदाच्या कोपऱ्यात.

साहेबांनी कागद घेतला. त्यांनी आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. ते उठून बसले, गुडघ्यावरची माती झटकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

“यासीननं जीव तोडून काम केलं. आठ दिवस राबला, पैसासुद्धा घेतला नाही. तेव्हा त्याला कुणी बोल लावायचा नाही. शिसं काढूनही नेम येत नाही, म्हणजे नळीच गेली. आता शंका उरली नाही. उद्या सोमवार आहे, मी तिला जमा करून येतो.”

आणि त्यांनी खिशातून अर्ज काढला. टाईप केलेला, सही केलेला.

माझं खोटं त्यांनी पुरावा म्हणून वापरलं होतं. मी शिसं म्हणालो नसतो, तर त्यांच्या मनात निदान एखादी शंका राहिली असती. ती मी माझ्या हातानं पुसली होती. काकी पदरानं डोळे टिपत होत्या, आणि इंगवले उगाचच टेकडीकडं बघत होते.

“साहेब,” मी म्हणालो. “शिसं नव्हतं.”

“काय?”

“शिसं नव्हतंच. मी काही काढलं नाही. आठ दिवस ती नुसती कपाटात पडून होती. मी खोटं बोललो.”

साहेब सावकाश उभे राहिले. सहा फूट माणूस, वर तो राग. मी एक पाऊल मागं गेलो, लाज कसली सांगायची.

“माझ्या बंदुकीबद्दल खोटं बोललास?”

माझ्याशी खोटं बोललास, असं नाही म्हणाले. माझ्या बंदुकीबद्दल.

“होय. पण ती गेलेली नाही, साहेब. नळी आरशासारखी आहे. मी पहिल्याच दिवशी बघितलं. शंभरात एखादी नळी अशी असते.”

“मग हे काय आहे?” त्यांनी कागद माझ्या तोंडापुढं धरला. “हे काय आहे, आरसा?”

“मला पाच गोळ्या मारू द्या तिच्यानं. मग सांगतो.”

सगळे चपापले. ती बंदूक पस्तीस वर्षांत दुसऱ्या कुणाच्या खांद्याला लागली नव्हती. मी दुरुस्तीवाला, पण मीही ती फक्त टेबलावर हाताळलेली. साहेबांनी ती जवळ ओढून घेतली, आपोआप.

काकी खुर्चीतून उठल्या. “द्या की त्याला! उद्या सरकारजमा करायला निघालाय नव्हं? मग आज यासीनच्या हातात दिली तर काय विटाळ होणाराय तिला?”

साहेबांनी दिली. देताना बोटं सुटायला वेळ लागला.

मी काही मोठा नेमबाज नाही. बंदूक दुरुस्त झाली की चार गोळ्या मारून बघायच्या, एवढाच माझा सराव. पण चटईवर पडलो, गाल त्या मऊ झालेल्या लाकडावर टेकवला आणि मला या माणसाचं वेड समजलं. ती बंदूक हातात घ्यावी लागतच नव्हती, ती येऊन बसत होती. माशीवर काळा गोल बसवला, श्वास अर्धा सोडला, आणि घोडा कधी सुटला कळलंसुद्धा नाही. पाच वेळा. माझे हात थरथरत होते, पण ती त्यांच्याकडं लक्षच देत नव्हती.

दुर्बिणीला डोळा लावलेले इंगवले म्हणाले, “आयला!” वकील माणूस, कधी असं बोलत नसे.

मी पळत जाऊन कागद आणला आणि साहेबांच्या हातात दिला. गोलाच्या डाव्या अंगाला, थोडं खाली, पाच भोकं एकमेकांना चिकटून बसली होती. वर रुपयाचं नाणं ठेवलं असतं तर पाचही झाकली असती. मधे नव्हती, कारण माशी साहेबांच्या नजरेला लावलेली होती. पण एका ठिकाणी होती, आणि नळी शाबूत असल्याशिवाय हे होत नाही, हे त्या शेडमधल्या प्रत्येकाला कळत होतं.

साहेबांनी त्या जागेवरून अंगठा फिरवला. परत फिरवला.

“साहेब,” मी म्हणालो, “आता डावा डोळा मिटा आणि नुसत्या उजव्यानं बघा. किती भोकं दिसतात?”

त्यांनी डावा मिटला आणि कागद उजेडाकडं धरला.

“कागद धुरकट आहे,” ते म्हणाले.

“आता उजवा मिटा. डाव्यानं बघा.”

त्यांनी उजवा मिटला. कागद जवळ आणला, लांब नेला.

“पाच,” ते हळूच म्हणाले. “पाच आहेत.” मग परत डावा मिटला. मग परत उजवा. लहान पोरं खेळतात तसं त्यांचं आलटून पालटून चाललं होतं. झालं, संपलं, मला वाटलं. ज्याचा सगळा मान त्या डोळ्यावर होता, त्याला मी चारचौघांत सांगितलं की तुझा डोळा गेला. आता हा माणूस इथंच खचणार, आणि कारण मी.

“म्हणजे नळी चांगली आहे?” साहेबांनी विचारलं.

“अजून पन्नास वर्षं जाईल.”

“आणि पीळ?”

“कोरे आहेत.”

“माझी साफसफाईत हयगय झाली नाही?”

“साहेब, तुमच्याइतकी जपलेली बंदूक मी बघितली नाही. मला वाटतं मोतीबिंदू आहे. मी काही डॉक्टर नव्हे, पण...”

“ते राहू दे. बंदुकीला काही झालं नाही. हे नक्की?”

“नक्की.”

साहेबांनी मान वर केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दोन्ही डोळ्यांतून, आणि तोंडभर हसू. ते काकींकडं वळले आणि पोरगा मॅट्रिकला पास झाल्याचं सांगावं तसे ओरडले, “अगं, ऐकलंस काय? ब्रनोला काही झालेलं नाही! माझा डोळा गेलाय!”

काकींनी कपाळावर हात मारला. “देवा! डोळा गेल्याचं पेढे वाटल्यासारखं सांगताय?”

“अगं खुळे, नळी गेली असती तर ती कुठून आणली असती? बनवणारे म्हातारे कधीच मेले असतील. डोळ्याचं काय! मिरजेत दिवसाला पन्नास ऑपरेशनं करतात!”

आधी इंगवले हसले, मग सगळेच. काकी हसत होत्या आणि रडतही होत्या, आणि एकीकडं नवऱ्याला नावं ठेवणं चालूच होतं. आठ दिवस ज्या दोन वाक्यांना मी भीत होतो, ती या माणसाला औषधासारखी लागू पडली होती. तो कशानं खचणार हे मी माझ्या मापानं ठरवलं होतं.

साहेबांनी अर्ज चार तुकडे करून खिशात टाकला आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“आता तुझं बघू. आठ दिवस मला जेवण गेलं नाही. का केलंस असं?”

“अब्बा सांगायचे,” मी मान खाली घालून म्हणालो. “दोष गिऱ्हाइकाच्या बंदुकीत काढावा, गिऱ्हाइकात काढू नये.”

“बरोबर सांगायचा. पण मला मात्र तो तोंडावर म्हणायचा, ‘रेंजर, घोडा झटकन ओढतोस, बंदुकीला कशाला शिव्या देतोस?’ अरे गाढवा, मी काय गिऱ्हाईक आहे?”

काकींनी डबा उघडला आणि मला आधी वाढलं. साहेब त्या दिवशी सात भाकऱ्या जेवले. मी मोजल्या नाहीत, काकींनी मोजल्या.

डिसेंबरात थंडी पडल्यावर मिरजेला ऑपरेशन झालं. मी बरोबर गेलो होतो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, फार चांगल्या. त्यांनी समजावून सांगितलं की डोळ्यात भिंग बसवणार, आणि विचारलं, “काका, तुम्हाला जास्त काय लागतं, लांबचं बघायला की जवळचं?”

“पन्नास मीटर,” साहेब म्हणाले.

बाईंना वाटलं थट्टा करतायत. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी वहीत खरंच काहीतरी लिहून घेतलं.

तोवर ब्रनो माझ्या दुकानात ठेवलेली होती, रजिस्टरला रीतसर नोंद करून. या खेपेला मी रोज कपाट उघडून बघत होतो ते वेगळ्या मनानं. ऑपरेशन झाल्यावर महिन्याभरानं एका सकाळी रिक्षा थांबली. साहेब उतरले, काळा चष्मा लावून, मागून काकी. कसे आहात नाही, काय नाही. चष्मा काढून काकींच्या हातात दिला आणि माझ्यापुढं हात पसरला.

मी रायफल काढली, बोल्ट बाजूला केला आणि दिली. साहेब दुकानाच्या पायरीवर गेले, नळी आभाळाकडं धरली, डावा डोळा मिटला आणि उजवा लावला.

रस्त्यावरून सायकली जात होत्या, समोरचा फूलवाला हार ओवायचा थांबून बघत होता. साहेब हलेनात. मिनिट झालं, दोन झाली. काकींनी माझं मनगट धरलं होतं, ते त्यांनी इतकं आवळलं की बांगड्या रुतल्या.

अखेर ते वळले. चेहरा लाल.

“हे काय काम झालं, यासीन? शरम वाटत नाही? तेलाचा थेंब राहिलाय आत! निम्म्या वाटेवर, डाव्या अंगाला!”

मी बंदूक घेतली आणि उजेडाकडं धरली. होता. निम्म्या वाटेवर, डाव्या अंगाला, मोहरीच्या निम्मा असेल नसेल एवढा. मलासुद्धा दोनदा बघावं लागलं.

“आहे,” मी म्हणालो आणि मला पुढचं दिसेना, कारण माझेच डोळे भरून आले होते. “आहे, साहेब. राहिलाय.”

“आण ती चिंधी इकडं,” साहेब बाह्या सारत म्हणाले. “तुझ्याच्यानं व्हायचं नाही.”